कणगी बाहेर, पेटी आत

२८ ऑक्टोबर २००६

लिही. मी बाईजा, बोलतेय. लिहितेय ती माझी नातसून रविना. मला अक्षर येत नाय आणि तिला काम येत नाय, म्हणून आमचं जमलं.

शाम घरी आला की त्यानं हे वाचायचं. शाम माझा नातू, हिचा नवरा. वैशाखऱ्याच्या पुढं घाटात रस्त्याचं काम चाललंय, तिथं रोलर चालवतो. पंधरवड्यानं एकदा येतो. तोंडी काही सांगितलं तर म्हणतो, आजी, तू मीठमसाला लावतेस. आता बायकोच्याच हातचं वाच म्हणावं.

पहिली तक्रार, कॉम्प्युटर. मधल्या खोलीत जिथं माझी भाताची कणगी उभी असायची तिथं ती पेटी बसलीय. कणगी ओसरीवर, कोंबड्यांच्या तोंडी. भात कापून झालं, झोडणी पंधरा दिवसांवर आली. नवं भात काय पेटीत भरू? पेटी मुरबाडच्या हरेशची. त्याचं नकाशे काढायचं ऑफिस आहे, तिथली कामं ही घरात बसून करते. शाम आला की पेटी बाहेर, कणगी आत, आणि ही शेतावर. ठरलं माझं.

इथं हिचा हात थांबला. म्हटलं, थांबू नको गो, शाई सुकेल. "बॉलपेन आहे, आजी," म्हणाली. उलट उत्तर. तेपण लिही.

२९ ऑक्टोबर

भाकर जाड. एका बाजूनं कच्ची.

३१ ऑक्टोबर

विचारलं, दिवसभर टकटक करून पिकवतेस काय? म्हणाली, मुलांच्या वसतिगृहाचा नकाशा आहे. कुणी संस्थेवाले बांधणार आहेत. भिंती काढून झाल्या, आता आत खाटा, दारं, नळ, कपाटं मांडायची. ती प्रत्येक वेळी नव्यानं काढत नाय. एकदा काढून ठेवायची आणि छापा मारल्यासारखी हवी तिथं उमटवायची. त्याला ब्लॉक म्हणतात. हरेशकडून ब्लॉकची अख्खी पोतडी आलीय, काही त्यानं स्वतः काढलेले, काही हिनं.

म्हटलं, मग उमटव आणि मोकळी हो.

"तेच तर होत नाय, आजी. या, बघा." मी बघितलं. खोली एवढी मोठी आणि कोपऱ्यात बारीक ठिपका. ती म्हणे खाट. मी म्हटलं, वसतिगृह मुंग्यांचं आहे का?

हसली नाय. मला वाटलं होतं हसेल.

२ नोव्हेंबर

खाट बारीक का, ते हिनं आज सांगितलं. विचारलं नव्हतं. स्वयंपाकाला उशीर का, एवढंच विचारलं होतं.

हरेशनं त्याच्या खाटा इंचात काढल्या, हिनं मिलिमीटरमध्ये. प्रत्येक ब्लॉकच्या पोटात लिहायचं असतं, मी कुठल्या मापाचा. हरेशनं जागा कोरी सोडली. कोरी दिसली की पेटी तिला मिलिमीटर समजते. बहात्तर इंचांची खाट बहात्तर मिलिमीटरची होऊन बसते. झाली मुंगीची खाट.

मी म्हटलं, एवढ्यासाठी माझी कणगी बाहेर?

वर म्हणते कशी, "आजी, आपल्या घरातपण भात मोजायच्या दोन पायल्या आहेत. एक तुमच्या माहेरची लहान, एक इथली मोठी. मागच्या महिन्यात शेजारच्या सावळीकाकूंना भात मोजून दिलं तेव्हा माझ्या हातात मोठी आली. तुम्ही चार दिवस बोलत होतात. पायलीवर खूण कुठं होती?"

खूण कशाला पाहिजे? हाताला कळतं. देताना माहेरची, घेताना इथली. या घरात आल्यापासून असंच आहे आणि सावळीची सासूपण असंच करायची.

"मग हरेश सरांच्यापण हाताला कळत असेल," म्हणाली.

हिचं माहेर तानशाच्या धरणाकडचं. गावचं पाणी मुंबईला जातं, बोलणं तेवढं घरी राहतं.

३ नोव्हेंबर

एकेक ब्लॉक उघडते, माप लिहिते, बंद करते. दुसरा उघडते. तांदूळ निवडणारी बाईसुद्धा मधे मान वर करते.

५ नोव्हेंबर

हरेश आला. मोटारसायकल सरळ खळ्यावर घातली. काल मी आणि सावळीनं मिळून ते खळं सारवलं, अजून ओलं होतं. खळ्यावर चप्पल घालून माझा सासरासुद्धा आला नाय कधी. चाकाचा वळ पार मधोमध.

वर रविनावर ओरडतोय. "एवढे दिवस लागतात का? गुरुवारी मला नकाशा द्यायचा आहे. नाही झालं तर पेटी उचलून नेतो, घरून काम बंद. मुरबाडात मुली काय कमी आहेत?"

ही म्हणाली, "सर, तुमच्या ब्लॉकमध्ये युनिट टाकलेलं नाही."

"माझे ब्लॉक दहा वर्षं चालतायत. तुझ्याकडेच कसे बिघडतात?"

मला बरं वाटायला पाहिजे होतं. पेटी न्यायला माणूस आपणहून आला होता. मी म्हटलंपण, ने बाबा, दोरी देते बांधायला. पण आधी उतर, ते खळं सारव, मग ने. शेण त्या बाजूला आहे.

"आजी, गंमत करता काय," म्हणाला.

म्हटलं, माझं तोंड बघ आणि सांग.

चहा न घेता गेला. विचारला नव्हताच.

६ नोव्हेंबर

हिची मैत्रीण रोशनी शहापूरला असलंच काम करते. तिनं फोनवर तोडगा सांगितला. एकेक उघडायचं नाय. सगळे ब्लॉक एका जागी भरायचे, एक हुकूम लिहून द्यायचा, पेटी आपली एकामागून एक उघडते, माप बदलते, मिटते. हुकमाला स्क्रिप्ट म्हणतात. माणसानं नुसतं बसायचं.

नुसतं बसायचं काम हिला बरोबर सापडलं.

७ नोव्हेंबर

सगळ्या ब्लॉकना इंच लावलं. दुपारी लाईट आली तेव्हा हुकूम सोडला, पेटी आपोआप भराभर चालली. मी दारात उभी होते. खोटं कशाला, बघायला बरं वाटलं. झोडणीला असं काही असतं तर.

मग हिनं नकाशा उघडला. हरेशच्या खाटा झकास बसल्या, माणूस झोपेल अशा. आणि हिच्या स्वतःच्या खाटा? एक खाट भिंत फोडून, पडवी ओलांडून, नकाशाबाहेर गेली. नळ झाडाएवढा.

म्हटलं, आता कोणाचं वसतिगृह आहे? राक्षसांचं?

हिची अख्खी पोतडी मिलिमीटरची, तिच्यावरपण इंच चिकटवलं. घाईत वेगळं करायचं राहिलं. नाव बदललं, अंग होतं तेच राहिलं. माहेरची पायली इथली म्हणून दिल्यासारखं. मी हे म्हटलं. दोनदा म्हटलं.

तिसऱ्यांदा म्हणणार होते. ती उठून पेंढ्यांपाशी जाऊन बसली. जेवली नाय. मी ताट झाकून ठेवलं. मांजरं फार झालीत म्हणून.

८ नोव्हेंबर

सकाळपासून निवडणं. प्रत्येक खाटेची लांबी बघायची. बहात्तर भरली तर हरेशची, अठराशे भरली तर हिची. दारं, नळ, कपाटं अशीच मापावरून. दोन ढीग. ही आकडा बोलली की मी सांगायचे कुठल्या ढिगात. मला वाचता येत नाय, पण बहात्तर आणि अठराशे यांतला फरक बहिऱ्यालापण कळेल.

पहिल्याच खाटेला ही म्हणाली, "एक." मी हात धरला. मोजणी एकापासून नाय सुरू करायची. खळ्यावर पहिल्या पायलीला एक म्हणत नाय, लाभ म्हणतात. "हे भात नाय, आजी." म्हटलं, लाभ म्हण, नायतर मी उठते.

म्हणाली. लाभ, दोन, तीन.

मग हुकूम दोन वेळा सोडला. हरेशच्या ढिगाला इंच, हिच्या ढिगाला मिलिमीटर. नकाशा उघडला. खाटा खाटेएवढ्या. दारातून माणूस जाईल. नळाखाली घागर बसेल.

कणगी बाहेरच आहे. हे विसरू नको, लिही.

९ नोव्हेंबर

हरेश सीडी घेऊन गेला. मोटारसायकल रस्त्यावर ठेवून चालत आला. म्हणाला, आणखी दोन इमारती आहेत, पेटी राहू दे. चुकलं कोणाचं, ते काही बोलला नाय. मीच विचारलं. लगेच त्याला धसईला काम निघालं.

१० नोव्हेंबर

उद्या शाम येतोय. वही पुसून ठेवली. म्हटलं रविना, एवढं सगळं लिहिलंस, मधे काही गोड केलं नाहीस ना? "तुमचं गोड करायला एवढी साखर कुठून आणू," म्हणाली.

१२ नोव्हेंबर, सकाळ

काल संध्याकाळी शाम आला. ओसरीवर बसून सगळं वाचलं, मोठ्यानं. मुंग्यांच्या वसतिगृहाला पोट धरून हसला.

मग वही मिटली आणि म्हणाला, "आजी, तुझं बरोबर आहे. हिला काम येत नाय. उद्या हरेशला फोन करतो, पेटी ने म्हणून. आणि तू उद्यापासून झोडणीला, कळलं?" हे तिला. तिच्याकडे न बघता.

सगळं माझंच होतं. वहीतलंच. एक शब्द त्याचा नाय.

मी वाट बघितली. माझ्यापुढं हिचं तोंड गिरणीसारखं चालतं. मी एक बोलले की दोन परत येतात. शामपुढं काहीच आलं नाय. आत गेली आणि पेटीवर फडकं टाकलं.

मी बोलायचे ते भांडण होतं. भांडणाला दोघी लागतात. यानं माझं भांडण उचलून त्याचा हुकूम केला. विचारलं कोणाला?

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

कणगी आत घेतली. तिला जागा पाहिजे म्हणून शामची खाट ओसरीवर टाकली. पेटी जागची हलली नाय.

गारठा आहे बाहेर. असू दे. लिही गो रविना, आता शामचं सुरू कर. पहिली तक्रार तू सांग.