काठावर नाव घेऊ नये

२ डिसेंबर
पोहोचलो एकदाचे बोरकाठला! सावेडीच्या आमच्या जुन्या फ्लॅटच्या गॅलरीतून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. इथे दारातच धरणाचं पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणून मी त्याला समुद्रच म्हणते. इथल्या नव्या पर्यटन केंद्राचं स्वयंपाकघर केविनला मिळालंय आणि पाहुण्यांना गाव दाखवायचं काम मला. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांची नोकरी एका जागी. मी जाम खूश आहे.

होडीवाल्या गोरक्षभाऊंनी गाव फिरवून आणलं. भोयांची घरं, वाळत टाकलेली जाळी, उथळ पाण्यात एका पायावर उभे रोहित पक्षी. गंमत म्हणजे काठावर इथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. नवरा, पोर, शेजारी, सगळे 'पाव्हणं'! केंद्रावर भांडी घासायला येणाऱ्या रंगुबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "काठावर नाव घेऊ न्हाई, ताई. पाणी ऐकतंय." आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही, पण पाहुण्यांना सांगायला झकास आहे.

७ डिसेंबर
पहिले पाहुणे आले. मासे खाऊन झाले, पक्षी बघून झाले आणि संध्याकाळी सगळे मोबाईलमध्ये. मग मी रंगुबाईंकडून काढून घेतलेली गोष्ट रंगवून सांगितली. फार पूर्वी इथे वऱ्हाडाची होडी बुडाली. बायकांनी नव्या नवरीला उखाणा घ्यायला लावला होता, पण नवऱ्याचं नाव ओठावर यायच्या आत होडी उलटली. तेव्हापासून ती नाव शोधतेय. चला, म्हटलं, आपण तिला नावं देऊ!

काठावरच उखाणे रंगले. सुरुवात माझी:
"धरणाच्या काठाला बगळ्यांची रांग,
केविनचं नाव घेतलं, आता पाण्या, तुझं सांग."
मग केविन कसला मागे राहतोय! ॲप्रनला हात पुसत त्यानेही माझं नाव घेतलं. शिट्ट्याच शिट्ट्या. पुण्याच्या आरतीताईंनी घेतलं, कर्जतच्या सुरेखाताईंनी घेतलं. रंगुबाई लांब उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. मला वाटलं, हसतायत. केंद्राचे मालक म्हणाले, दर शनिवारी हे ठेवा.

८ डिसेंबर
आरतीताईंचे यजमान गेले.
सकाळी सगळे चहा घेत होतो. ते एकदम उठले. म्हणाले, आरती पाण्यातून हाक मारतेय. आरतीताई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या, हातात बिस्कीट घेऊन. आम्ही धावेपर्यंत ते खोल पाण्यात शिरले होते. गोरक्षभाऊंनी बाहेर काढलं तेव्हा चेहरा हसरा होता. तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. केविन म्हणतो, माणसाला भास होतात. असेल तसं. मी खूप वेळ प्रार्थना केली.

१९ डिसेंबर
सुरेखाताईंचा फोन आला. कर्जतला त्या यजमानांना जेवायला वाढत होत्या. ते ताटावरून उठले, म्हणाले, तू तिकडून बोलावतेस ना, आणि मोटारसायकल काढली. मोटारसायकल आमच्या काठावर सापडली. माणूसही, दुपारी.

म्हणजे ज्याचं नाव घेतलं त्याला ती हाक मारते, नाव घेणाऱ्याच्याच आवाजात. कितीही लांब जा. मी रंगुबाईंवर ओरडले, उखाणे चालू होते तेव्हाच का अडवलं नाही? त्यांनी भांडी घासणं थांबवलं नाही. "कितीबी जपलं तरी कुनाच्या तोंडून नाव निसटायचंच, दरसाल आमचा एक गडी जायचा. औंदा तिला पाव्हण्यांची नावं मिळाली. आमी कशाला बोलू?"

गावाला सगळं माहीत होतं. मला त्यांचा राग येतोय. आणि मी केविनचं नाव घेतलंय.

२२ डिसेंबर
केविनच्या कानात कापूस घातला. तो हसतो, पण घालू देतो. मी त्याच्याशी बोलणं बंद केलंय, सगळं खुणांनी. म्हणजे माझा आवाज आला, तर तो माझा नाही हे त्याला कळेल. खूप भीती वाटते. तो गेला तर मी काय करू —

२४ डिसेंबर, दुपार
दारात नाताळची चांदणी लावली. केविन झोपलाय. त्याचा हात ओढणीने बाजेला बांधलाय, गाठीवर गाठी. मी दाराशी बसलेय. वारा पडलाय. पाणी अगदी गप्प.

त्याला जाऊ देणार नाही.

आत्ता केविनने हाक मारली. बाहेरून. स्टेला, केक झालाय, चाखायला ये. किती मायेने म्हणाला —

पण केविन तर बाजेवर —

त्या दिवशी त्यानेही नाव घेतलं होतं. माझं. मी त्यालाच राखत बसले आणि —

केविन, ऊठ. मला धर. ओरडतेय मी, ऊठ ना —

कानात कापूस. मीच घातलेला.

हलवायला हवं त्याला, पण पाय दाराबाहेर — पुन्हा हाक. हो रे, आले, एवढं लि