मोडनिंबच्या पुढे

बाळीवेस, सोलापूर

प्रिय चंद्रिका,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. रोज फोनवर बोलणारी अव्वा आज पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण मी तुझ्याशी फोनवर बोलते ना, तेव्हा तुझे आप्पा समोरच्या खुर्चीत पेपर तोंडापुढे धरून बसलेले असतात. पेपर वाचत नसतात, पान उलटायचंही भान नसतं. पलीकडून तुझा आवाज जेवढा येईल तेवढा ऐकत असतात. मग त्यांच्यासमोर त्यांचंच कसं सांगू? आत्ता ते विरेशबरोबर दुकानात गेलेत, तुझी वहिनी माहेरी गेलीय, घर शांत आहे, म्हणून बसले लिहायला.

आधी तुझ्या रागाचं सांगून टाकते. दिवाळीनंतर आप्पांचं ऑपरेशन झालं आणि तुला आम्ही कळवलं नाही. विरेश फोन लावत होता, आप्पांनीच त्याचा हात धरला. "तिला सांगू नगंस, उगं तिला यावं लागंल," म्हणाले. मी मनात म्हटलं, आजारपणातही या माणसाचा ताठा काही कमी होत नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेव, कारण आपण सगळ्यांनी त्यांना इतकी वर्षं असंच ओळखलं.

झालं ते असं. दिवाळीच्या गर्दीत त्यांना सर्दी झाली होती. दुकानाशेजारच्या मेडिकलमधून कसलीशी गोळी आणून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीच अडली. पोट दगडासारखं झालं. तरी हा माणूस गादीवर बसून गिऱ्हाइकाला इरकलीचे काठ दाखवतोय! घामानं शर्ट भिजला तेव्हा विरेशनं दुकान नोकरावर टाकलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं नळी घालून लघवी काढली तेव्हा कुठं त्यांचा जीव जाग्यावर आला. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची ग्रंथी वाढलीय. वय झालं की बहुतेक पुरुषांची वाढते, पण यांची फार वाढून लघवीचा रस्ताच आवळला गेलाय. गोळ्यांची वेळ निघून गेली, आता लेझरनं आतली वाढ काढायची. पोटावर चीर नाही, टाका नाही. दुर्बीण लघवीच्याच वाटेनं आत घालायची, दोन रात्री दवाखान्यात राहायचं आणि घरी जायचं.

डॉक्टर तरुण होता, तुझ्या व्यंकटेशच्या वयाचा असेल. तो त्यांना एकेक विचारायला लागला. धार बारीक येते का, थांबून थांबून होते का, रात्री किती वेळा उठता, वाटेत कपड्यात होतं का. आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मान हलवत होते. मग त्यानं विचारलं, हा त्रास कधीपासून? मला नेहमीची घाई. मीच म्हटलं, दोन-तीन वर्षं झाली असतील. तर आप्पा कॅलेंडरवरची नजर न काढता म्हणाले, "नऊ वर्सं झाली. मोडनिंबपासनं."

डॉक्टरला काय कळणार मोडनिंब? तो पुढचं विचारत राहिला. मला मात्र पुढचं काही ऐकूच आलं नाही.

चंदू, तुला तो दिवस माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तुझ्या सृजाचं बारसं, आणि त्याच दिवशी आपल्या लिंगायत रीतीनं तिच्या गळ्यात लिंग बांधायचं ठरलेलं. पद्मशाली घरातलं लेकरू, पण तुझ्या सासऱ्यांनी, मल्लेशमअण्णांनी, स्वतःहून म्हटलं होतं की आईच्या घरचा संस्कारही होऊ दे, देव काय भांडायला बसलेत का? विधीसाठी पुण्यातल्या जंगमांना त्यांनीच बोलावून आणलं. सोलापूरचा माग विकला तेव्हा शेवटचं म्हणून विणलेलं कापड त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलं होतं, तेही बाळाखाली अंथरायला काढलं. मी आधीच तुझ्यापाशी आले होते. आप्पा चांदीची करडगी, त्या डबीतलं लिंग आणि गळ्यात अडकवायचा शिवदाराचा दोरा घेऊन सकाळच्या एसटीनं निघाले होते. मल्लेशमअण्णा हार घेऊन स्वारगेटला उभे. आणि फोन आला तो मोडनिंबहून. दुकानाचं काम निघालंय, मी मागं फिरतोय, तुमी करून घ्या. एवढंच बोलून ठेवून दिला. करडगी त्यांच्याच खिशात राहिली.

तू तेव्हा रडली नाहीस. पाळण्याकडे बघत एवढंच म्हणालीस, "आप्पांनी लिंग परत नेलं, अव्वा." आणि मी तुला नाही म्हणाले नाही, कारण मलाही तेच वाटलं. लग्नाला त्यांनी होकार दिला तो वरवरचा, लेकरू दुसऱ्या जातीचं म्हणून ऐन वेळी त्यांचा हात आखडला, असंच सगळ्यांनी धरलं. मल्लेशमअण्णा हार हातात घेऊन परत आले, तो त्यांनी बाळाच्या पाळण्याला बांधला आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. त्या दिवसापासून तू आप्पांशी दोन शब्दांच्या वर बोलली नाहीस. विरेशच्या लग्नाला आलीस आणि अक्षता पडल्या तशी गाडीत बसलीस. सृजा त्यांना "सोलापूरचे अज्जा" म्हणते, जसं काही कुठल्या दुकानाचं नाव आहे.

ऑपरेशनच्या दिवशी कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. ते आत होते तो वेळ मी बाहेर बाकावर बसून शिवाचं नाव घ्यायचं सोडून एकच गोष्ट घोळवत होते, मोडनिंब. संध्याकाळी खाटेवर आणलं तेव्हा पाय अजून हलत नव्हते, बाजूला पिशवीत गुलाबी पाणी उतरत होतं. मी विचारलं. आधी म्हणाले, "बिडु, शिवबाई, जाऊ दे." मी म्हटलं, आज नाही जाऊ देणार, आज तुम्हाला उठून जाताही येत नाही. मग बोलले. "मी लिंग परत नेलं न्हाई गं. मी वला झालो होतो."

मोहोळ सोडल्यावर त्यांना लागली होती. कंडक्टरला विचारायची लाज, शेजारी बाईमाणूस. मोडनिंबच्या अलीकडे धोतरातच झालं. पांढरंशुभ्र धोतर, व्याह्याच्या दारात जायचं म्हणून मी इस्त्री करून ठेवलेलं. उतरून एका हॉटेलवाल्याकडून बादलीभर पाणी मागून घेतलं, अंग धुतलं, बाजारातून पायजमा घेतला. पुढची गाडी धरावी म्हणून थांब्यावर उभे राहिले, तर तिथंही पुन्हा तेच. "लेकराच्या गळ्यात बांधायचं लिंग खिशात, आन मी असा. कुठल्या हातानं बांधू, सांग की?" असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. चंदू, माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस नऊ वर्षं एकटाच भोगत होता गं.

आता एकेक आठवतं आणि स्वतःचाच राग येतो. आयुष्यभर पांढरं धोतर नेसलेला, चाटी गल्लीत कापड विकणारा माणूस एकदम कॉफी रंगाची पँट घालायला लागला. फोनवर मी तुला सांगितलं तेव्हा आपण दोघी किती हसलो होतो! चहा सोडला, मी म्हटलं पित्त असेल. लग्नाकार्याला अक्कलकोटसुद्धा लांब वाटायला लागलं. दिवसातून दोनदा अंघोळ करायचे, मी म्हणायची, म्हातारपणी सोवळं वाढलंय. माझ्याजवळचं अंथरूण उचलून पुढच्या खोलीत नेलं, तेव्हा मला लागलं होतं. काय काय मनात आणलं ते तुला लिहीत नाही. एकदा नुसतं विचारलं असतं, अहो, काय होतंय? पण विचारलं नाही. आपल्या घरात पुरुषाला जेवलात का, एवढंच विचारतात.

रेल्वेनं का नाही गेले, असं तू म्हणशील. मीही म्हटलं. त्या दिवशी तिकीट मिळालं नव्हतं. आणि नंतर अडचण प्रवासाची राहिलीच नव्हती, तोंड दाखवायची होती. एक वर्ष गेलं, मग दुसरं, आणि मग काय म्हणून यायचं तेच त्यांना सुचेना. मल्लेशमअण्णा मात्र दर वेळी मला विचारायचे, बावगारू, आमचे व्याही, कसे आहेत, एकदा घेऊन या की. ते गेले तेव्हा मी आणि विरेश आलो, आप्पा आले नाहीत, आणि तू माझ्याकडे जे बघितलंस ते मी विसरलेली नाही. दवाखान्यात ते हेच पुन्हा पुन्हा म्हणत होते, मल्लेशमला सांगायचं राहिलं. दोन रात्रींचं काम होतं, चंदू. वेळेवर दाखवलं असतं तर कदाचित नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून मी बाहेर जाऊन रडले.

नळी काढल्यावर सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नकोस. आठवडाभर जळजळ, मधूनच लघवी लाल. आणि धरून ठेवताच येईना, थेंब थेंब गळायचं. त्यांना वाटलं, होतं त्याहून वाईट झालं. लहान लेकरांना बांधतात तसली लंगोटी लावून बसायची वेळ आली तेव्हा माझ्यादेखत रडले. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, काही आठवडे असं होतं, खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम करा, बादली उचलू नका, स्कूटरवर बसू नका आणि पाणी भरपूर प्या. आणि हा माणूस पाण्यालाच भ्यालेला! तांब्या समोर ठेवला की विंचू बघितल्यासारखं करायचे. मी समोर बसून घोट घोट पाजलं. काढलेला तुकडा तपासायला गेला होता, त्यातही वाईट काही निघालं नाही. हळूहळू गळणं थांबलं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या काठ्या निघाल्या तेव्हा ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले, सगळे नंदीध्वज डोळ्यांसमोरून जाईपर्यंत हलले नाहीत. एरवी दाराच्या आतूनच हात जोडायचे. आणि त्या दिवशी धोतर नेसले होते.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. सृजाची ती करडगी नऊ वर्षं आपल्या देव्हाऱ्यात आहे. रोज अंघोळ झाली की आप्पा आधी स्वतःच्या लिंगाची पूजा करतात आणि मग तिच्या. लिंग बिनपूजेचं ठेवायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे. मी ते रोज बघत होते आणि म्हणायची, नातीला दिलं नाही ते नाही, वर कुलूप घातल्यासारखं घरात ठेवून घेतलंय. ते तिच्या वाटची पूजा करत होते गं.

आता पत्र कशासाठी ते लिहिते. परवा सकाळी ते, जरा जाऊन येतो, म्हणून बाहेर पडले ते दुपार टळून गेल्यावर आले. धोतर धुळीनं माखलेलं. मी कुठं होतात म्हणून चढ्या आवाजात विचारलं, तर आधी चहा मागितला, कपभर. तो पिऊन झाल्यावर म्हणाले, "टेंभुर्णीला जाऊन आलो यष्टीनं. वाटेत मोडनिंबला उतरलो न्हाई." मग खिशातून करडगी काढली आणि देव्हाऱ्यात ठेवली. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं पुण्याला येतोय. मी हे सगळं तुला लिहिलंय हे त्यांना माहीत नाही, तू कळू देऊ नकोस. झोपायला मोरीजवळची खोली दे आणि तिथला दिवा चालू ठेव. घरात आल्यावर ते आधी मल्लेशमअण्णांच्या फोटोपाशी जाऊन उभे राहतील, तेव्हा त्यांना थोडा वेळ एकटं सोड. लिंग बांधायचं की नाही ते तू, व्यंकटेश आणि आता कळती झालेली सृजा मिळून ठरवा. नको म्हणालात तरी ते काही बोलणार नाहीत, परत आणून पूजा करत राहतील. माझं मागणं एवढंच आहे, की मल्लेशमअण्णा ज्या जागी उभे होते, तिथं स्वारगेटला या वेळी तू उभी राहा. हार नको, नुसती उभी राहा.

तुझीच,
अव्वा