दाजी करवंदीत अडकले

केज, ८ फेब्रुवारी २०२४

ति. दादांस सत्यशीलाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई आन् मला वरडता येत न्हाई, म्हणून पत्र. तुमी डोंगरातून आणून अंगणात लावलेली करवंदी लई फोफावली, पर अजून एक फळ न्हाई. तुमच्या दाजींनी जुनी मोटार घेतलीया. करवंदी उपटून तिथं गाडी लावायची म्हणतात. खरा राग तुमच्यावर हाय. तुमच्या वनमालाच्या लग्नात तुमी त्यांना फेटा बांधला न्हाई, तवापासून माहेरची कुठलीच चीज त्यांना चालत न्हाई. मी म्हणलं, मी बी तिथलीच हाय. तवा उठून मोटार पुसाया गेले.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची सत्यशीला

लिंबागणेश, १७ फेब्रुवारी

चि. सौ. सत्यशीलास पोटभर आशीर्वाद.

फेटेवाला बोलावला व्हता. दाजी जिलबीवरनं उठंनात, तो कटाळून गेला. हे त्यांना सांगू नको. तू करवंदीला लाडानं रोज पाणी पाजत असशील. बंद कर, म्हंजी फुलंल. आन् दाजी उपटाया निघाले तर आडवी जाऊ नको. काट्याला नातं कळत न्हाई.

आठवण काढत ऱ्हा.
सुंदरराव

केज, १४ एप्रिल

ति. दादांस सा. न.

काल हे कुदळ घेऊन जाळीत शिरले आन् अडकले. पुढून सदरा, मागून धोतर. शेजारच्या साखराबाईला बोलवते म्हणलं, तर डोळे वटारले. मग मी कात्रीनं एकेक फांदी तोडत बसले. मधी त्यांना च्या हवा झाला, तो बशीनं पाजला. आत वाकल्या वाकल्या त्यांना हिरवी करवंदं दिसली. कुदळ खाली ठेवली. मग हळूच म्हणले, फांद्या नको तोडू, धोतर काप. आन् तुझ्या भावाला इचार, ही पिकतात कधी.

दादा, सहा वर्षांनी तुमचं नाव निघालं. धोतर गेलं तर गेलं.

तुमची सत्यशीला

केज, २ जून

रा. रा. सुंदररावांस आदिनाथचा रामराम.

तुम्हाला हे माझे पहिलेच पत्र. करवंदे पिकली आहेत. मोटार रस्त्यावर उभी असते. पोरे तिच्यावर नावे लिहितात, लिहोत. तुमच्या वाटणीची ओंजळभर करवंदे झाकून ठेवली होती, ती काल मीच खाल्ली. आज दुसरी ठेवली आहे. माझा भरवसा नाही, तरी लगोलग निघावे.

आपला,
आदिनाथ