न चाखता घातलेले मीठ

नागपूर

अहो, तुम्हांसच सप्रेम नमस्कार.

आपली मनवा आणि तिची नुकतीच जन्मलेली लेक सुखरूप आहेत.

केडगावहून मामंजींचा फोन आला. "सूनबाई, तुझा नवरा नैवेद्याला आमटी करतो की लोणचे?" ते अर्धपोटी उठतात हे ऐकून लगेच हे पत्र लिहायला बसले.

नैवेद्याआधी चाखायचे नाही, हा नियम तुम्ही निष्ठेने पाळता. परंतु न चाखता मीठ कळायला हात मुरावा लागतो. बायकांचे ते तपच आहे. तोवर क्रम असा ठेवावा: प्रथम देवाला नैवेद्य दाखवावा, मग उरलेली आमटी चाखून, पाणी घालून मामंजींना वाढावी.

देव माउली आहे. बिघडलेले आधी आपल्या पानात घेतो. मात्र त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या भरलेला असावा.

मामंजी पोटभर जेवले की कळवावे.

तुमची,
शोभा