ताज्या विजेचा खांब

तीर्थरूप वन्संना,
आझुमिनोहून चिसातोचा वाकून नमस्कार.

वीस वर्षांपूर्वी मात्सुमोतोच्या त्या हॉटेलात आपली सगळ्यांची पहिली भेट झाली, तेव्हा निघता निघता तुम्ही मला बाजूला घेऊन एक वाक्य म्हणाला होता: "आमच्या मित्सुहारुचे कान चांगले आहेत, बाकीचं तू सांभाळून घे." मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि आपले बंधुराज चाळिशीचे. मला वाटलं, भावाचं कौतुक फार करू नये म्हणून तुम्ही एकच गुण सांगितलात, बाकीचे मला हळूहळू सापडतील. तसे काही सापडलेही (जेवताना नावं ठेवत नाहीत, छत्री हरवत नाहीत). पण आज मागे वळून बघताना वाटतं, तुमच्या त्या वाक्यात सगळा हिशेब आला होता.

तुमचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या फुलं मांडायच्या वर्गातल्या नव्या मुली बसायला खुर्च्या मागतात असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं. देऊन टाका, वन्सं. त्या निमित्ताने तुमच्यासाठीही एक येईल आणि कमीपणा त्या मुलींच्या नावावर जाईल. इकडे भात पिवळा पडायला लागलाय, सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. तुम्ही पाठवलेले कोंड्यात मुरवलेले मासे पोचले. बंधुराजांनी त्यांच्याबरोबर तीन वाट्या भात खाल्ला आणि चौथीकडे आशेने बघितलं, यावरून त्यांच्या तब्येतीचा अंदाज यावा. काळजीचं काही कारण नाही. नुसती खुशाली कळवावी म्हणून हे पत्र.

घरातले गाणी ऐकायचे कर्णे वाढले आहेत, हे तुम्हाला सांगायला नकोच. तुम्ही गेल्या वेळी आलात तेव्हा फक्त पोळं होतं: कपाटाएवढी लाकडी पेटी आणि तिच्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खण पडलेला काळा लोखंडी कर्णा, कुठल्याशा बंद पडलेल्या सिनेमागृहातून आणलेला. (त्याच्या खणांत पत्रं ठेवता येतील असं तुम्ही म्हणाला होता. ते अजून त्यांच्या मनात आहे.) त्यानंतर छताला टांगलेला गोळा आला. त्याला चहूबाजूंनी तोंडं आहेत. नवा पाहुणा त्याच्यावर कपाळ आपटतो आणि त्याचीच माफी मागतो. मग एक सपाट, आरपार दिसणारा आला. तो उभ्या पडद्यासारखा असतो, म्हणून माझ्या आईने पडदाच समजून त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घातला. आणि शेवटचा म्हणजे सिमेंटचा नळ, पाणीपुरवठा खात्याच्या भंगारातला, पुरुषभर उंच. त्याने छताकडे तोंड करून गायचं आणि छताने ते खाली आपल्याला सांगायचं, अशी योजना आहे. या सगळ्यांसाठी खोलीत खुर्ची मात्र एकच. खरा आवाज म्हणे तिथेच येतो. बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत चुकीचा आवाज ऐकत जमिनीवर बसायचं.

तर गेल्या हिवाळ्यात बंधुराज त्या खुर्चीतून उठले आणि म्हणाले, पोळ्यावर कोणीतरी गोधडी टाकल्यासारखं वाटतंय. गोधडी नव्हती, मांजर होतं. (ते त्या कर्ण्याच्या तोंडातच झोपतं.) मांजर काढलं, तरी गोधडी गेली नाही. मग माझे पडदे गेले. मग गालिचा गेला. मग माझा लोकरीचा कोट दोन खोल्या पलीकडच्या कपाटात असूनही आवाज पितो असं निघालं, आणि तो सगळी थंडी व्हरांड्यात राहिला. मी बाहेर जाताना तो घालत असे आणि घरात येताना काढत असे, इतरांचे जोडे असतात तसा. तरीही झांजा येईनात, व्हायोलिनची वरची पट्टी येईना. शेवटी रोगाचं मूळ सापडलं. दोष विजेत होता.

हे मला मंडळातल्या दोघांनी नीट समजावून सांगितलं. (मंडळ म्हणजे यांचं कर्णे ऐकण्याचं मंडळ. त्यात साठीच्या आतलं कोणी नाही.) एक मोमोसे, दातांचे डॉक्टर, आणि दुसरे फुरिहाता, ज्यांच्या बागेतली सफरचंदं तुम्हाला दरवर्षी येतात. फुरिहाता म्हणाले, वहिनी, तुमच्या घरात येणारी वीज आधी गॅरेजवाला वापरतो, मग लॉण्ड्री वापरते, मग तो फ्रीजर विकणारा दुकानदार, आणि उरलेली तुमच्याकडे येते. थोडक्यात आम्ही इतकी वर्षं लोकांची उष्टी वीज ऐकत होतो. यावर उपाय म्हणजे स्वतःचा खांब. हसू नका, वन्सं. या छंदातल्या थोरामोठ्यांच्या अंगणात असे खांब असतात. वर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि खाली स्वतःची तार, फक्त आपल्यासाठी ताजी वीज. वीज कंपनीचा माणूस दोनदा येऊन घरात कारखाना कुठे आहे ते विचारून गेला. मी त्याला कलिंगड दिलं आणि खोली दाखवली. जाताना तो माझ्याकडे बघून जरा जास्तच खोल वाकला.

खांब माझ्या मुळ्याच्या वाफ्यात उभा राहिला. चारी कोपऱ्यांवर मीठ आणि साके शिंपडून झालं, मंडळाने टाळ्या वाजवल्या, मोमोसेंनी खांबावर हात ठेवून डोळे मिटले. नव्या सुनेचं करावं तसं स्वागत झालं. (माझं झालं होतं त्याहून काकणभर जास्तच.) संध्याकाळी पहिलं ऐकणं ठरलं. बंधुराजांनी वरच्या पट्ट्यांचं बटण थोडं फिरवलं, ऐकलं, आणखी थोडं फिरवलं, मान हलवली, आणि शेवटपर्यंत फिरवलं.

मी स्वयंपाकघरात वांगी भाजत होते. पहिली झांज वाजली तशी माझ्या दाढेत कळ गेली. मांजर खिडकीतून गेलं ते शेजारच्या उसुई आजींकडे, आणि अजून तिथेच राहतं. गाणारी बाई कोणीतरी ताटलीवर काटा ओढावा तशी गात होती. चहा घेऊन आत गेले तर मोमोसे खुर्चीत बसून रुमालाने डोळे पुसत होते. मला म्हणाले, "वहिनी, कितीतरी वर्षांनी झांज ऐकू आली." (या गृहस्थांनी सगळा जन्म कानापासून हातभर अंतरावर दात कोरायचं यंत्र चालवलं आहे.) फुरिहातांना ढोलावरच्या ब्रशचा केस न् केस वेगळा ऐकू येत होता. (यांनी बागेत फवारणीचं यंत्र चालवलं आहे, तेही आत बसून.) तिघांचं एकमत झालं की ताजी वीज ती ताजी वीज. फुरिहातांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या खांबासाठी अर्ज केला.

उसुई आजी मला कचरा ठेवण्याच्या जागी भेटल्या. तुमच्याकडे चाकूंना धार लावणारा येतो वाटतं हल्ली, म्हणाल्या, बरं झालं, आमचेही चार बोथट झालेत. मी पुष्कळ वाकले. दोन दिवसांनी त्या रातकिड्यांची पेटी घेऊन आल्या, ते घंटी वाजवल्यासारखे वाजतात ते. घरात एखादा बरा आवाजही असावा, एवढाच त्यांचा हेतू असावा.

तुम्हाला आठवतच असेल, दरवर्षी या किड्यांची पहिली बातमी कोण देतं. आम्ही बाकीचे ऐकायच्या आधी आठवडाभर बंधुराज अंगणात थबकणार आणि बोट वर करणार. यंदा पेटी त्यांच्या पुढ्यात, जेवणाच्या खोलीतच. पहिल्या संध्याकाळी किडे असे वाजायला लागले की मला टीव्हीचा आवाज वाढवावा लागला. बंधुराज काकडीची चकती कापून पेटीत ठेवत होते. जाळीला कान लावून बसले. मग मला म्हणाले, "अगं, आजींनी सगळ्या माद्याच दिल्या वाटतं. एकही वाजत नाही."

मी म्हटलं, "असेल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते त्यांना खायला घालतात. काकडी झाली, वांगं झालं, वाळलेल्या माशांची पूड झाली. बिचारे मुके आहेत यंदा, म्हणतात. यांनी त्यांच्या अंगात जोर यावा म्हणून पाणी बदलायचं, आणि किड्यांनी पेटी डोक्यावर घ्यायची, असा आमचा कार्यक्रम चालतो. मी समोर बसून शेंगा सोलते.

ज्या माणसाने पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं डांबराखालून पाणी ऐकलं, त्याचं हे. ती पोलादी काठी एका टोकाने रस्त्यातल्या झडपेवर टेकवायची, दुसरं टोक कानाला, आणि नळ कुठे फुटलाय ते सांगायचं. लग्नानंतर एकदा आम्ही फिरायला गेलो होतो, तर काठीबिठी काही नसताना बेकरीसमोर थांबून मला म्हणाले, इथे खाली पाणी रडतंय. मला तेव्हा वाटलं, माझ्याशी असं बोललं तर काय बिघडेल. दुसऱ्या दिवशी खणलं तर खरंच नळाला चीर होती.

आता खात्याने त्यांना ऑक्टोबरात बोलावलं आहे. नवी भरती झालीय, त्यांच्यापुढे भर रस्त्यात काठी लावून गळती शोधून दाखवायची. ते फार खूष आहेत. काठी चकचकीत करून बैठकीतल्या टोकोनोमाच्या कोनाड्यात ठेवलीय, तुमच्या पद्धतीने मी फुलं ठेवते त्याच्या शेजारी. मला एकच चित्र दिसतं, वन्सं. खालून पाणी वाहतंय, वर हे म्हणताहेत, इथे कोरडं आहे. तिथे कोणी हसणार नाही. सगळे वाकून आभार मानतील, आणि यांना गाडीत बसवेपर्यंत गप्प राहतील. हसले असते तर मला चाललं असतं.

मी एकदा धीर करून म्हटलं, अहो, एकदा कान दाखवून येऊ या का. तर म्हणाले, हे खांब उभा राहिल्यावर सुचलं का तुला? मग म्हणाले, "आम्हा कामिजोंचे कान आहेत हे. बाबांनी व्हायोलिनच्या कारखान्यात म्हातारपणापर्यंत आवाज तपासले. आणि ताईकडे बघ. सत्तरी उलटली, फोनवर कुजबुजलं तरी ऐकते." यावर मी काय बोलणार, तुम्हीच सांगा. चहा ओतला.

तर असं सगळं ठीक चाललं आहे. मुळे यंदा खांबाच्या सावलीत जरा बारीक आहेत. तब्येतीला जपा आणि खुर्च्यांचा विचार करा.

तुमची भावजय,
चिसातो

ता. क.: माशांचं रिकामं पिंप द्राक्षं भरून परत पाठवते आहे. वास आधीचाच येईल, द्राक्षांची चूक नाही.

आणखी ता. क.: त्यांना ऐकू येत नाही याचा मला त्रास होतो असं कृपया समजू नका. उलट वीस वर्षं मनात कुरकुरले ते मी आता स्वयंपाकघरात मोठ्याने बोलून घेते, पडद्यांपासून कोटापर्यंत सगळं. पहिले काही दिवस फार सुख लागलं. मग लक्षात आलं, पूर्वी मी नुसता उसासा टाकला की ते आतून विचारायचे, काय झालं गं? कुरकुरीत राम राहिलेला नाही.

शेवटचं ता. क.: वसंतात आपण दोघी गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो होतो, तेव्हा अंघोळीआधी केस वर बांधताना तुम्ही कानातून जे काढून कंगव्याच्या डबीत ठेवलंत, ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. मेले तरी बोलायचं नाही असं तुम्ही म्हणाला होता आणि मी हो म्हटलं होतं. मी बोलणारही नाही. पण बाकीचं सगळं मी सांभाळून घेतलंय, वन्सं. कान तुमच्याकडे होते. हिगानला, पितरांच्या दिवसांत, थडग्यांवर पाणी घालायला तुम्ही दरवर्षी यावं असं आम्ही म्हणतो आणि तुमचा गुडघा दुखतो. या वर्षी या. काही बोलू नका, कोणाला समजावू नका, नेहमीसारख्या यांच्यासमोर जेवायला बसा, मासे वाढा. फक्त केस वर बांधून या. तुम्ही नाही म्हणणार हे धरूनच पाहुण्यांची गादी आज उन्हात टाकली आहे.