एकशेबारा नंबरचं श्रमदान

३ फेब्रु.
कोडोलीजवळच्या वाडीत. संपादकांचा हुकूम : 'सहकारातून समाजसेवा', तीनशे शब्द, हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो. विषय ऐकूनच जांभई आली होती. पोचलो तर ओढ्यात साठेक माणसं. सकाळचं दूध संस्थेत घालून तशीच तिकडं वळलेली. ओढ्यावर साकव, छोटा पायपूल, बांधतायत. पलीकडं अकरा घरं, पावसाळ्यात तुटणारी. कष्ट गावाचे, सिमेंट-सळईला तालुक्याच्या दूध संघाचं अनुदान, मंजूर झालं तर.
संस्थेच्या सेक्रेटरी महादूला विचारलं, दवंडी कुणी दिली?
"म्हशीची धार काढाय कोन दवंडी देतंय व्हय?"
जांभई गिळली.

५ फेब्रु.
पुन्हा गेलो. काम नव्हतं, तरी. पलीकडची इंदूआक्का, साठीची, डाव्या मनगटानं जरा वाकडी, पाट्या उचलत होती. गेल्या पावसाळ्यात दुधाची किटली घेऊन ओढ्यात घसरली, मनगट मोडलं.
"किटली सोडायची की, आक्का!"
"दूध सांडलं असतं की वो पावणं. हाड काय, जुळतंय."
मीही दोन पाट्या उचलल्या. गीतेतला कर्मयोग पाठशाळेत मुखोद्गत केला होता, कंबरेला तो कुणी शिकवलेला नाही.

९ फेब्रु.
घोटाळा. संघानं श्रमदानाची हजेरीवही परत पाठवली. नावंच नाहीत, नुसते आकडे! दूध घालताना जो तो आपला खाते नंबर सांगतो. सवयीनं इथंही सगळ्यांनी तोच लिहिला. मग मी नंबर वाचायचा, महादूनं डोळे मिटून नाव सांगायचं.
"सत्तावीस?"
"पांडू सुतार. म्हस लाथाडी, मानूस गरीब."
पाळीपाळीनं आलेल्यांचे शंभरावर नंबर. रजिस्टर उघडलं नाही. बारा वर्षं संस्कृतची रूपं घोकून अजून चतुर्थीत अडखळणारा मी, नुसता बघत राहिलो.
एकदाच थांबला. "एकशेबारा... गणपतराव. इंदूआक्काचा मालक. सा वर्सं झाली, वारला."
वहीत मात्र रोज हजर. एकही खाडा नाही.

१० फेब्रु.
संघाचे साहेब आले. सज्जन, दमलेले. "मयत सभासद पाट्या उचलतो हे मी समितीला कसं सांगू?" खातं आक्काच्या नावावर करा, मग यादी पुढं जाईल. नाहीतर प्रस्ताव पुढच्या वर्षी. म्हणजे आणखी एक पावसाळा पाण्यातनं.
आक्का फॉर्मला हात लावेना. साहेब गेल्यावर विचारलं, का?
माप घेताना महादू नंबर न् नाव पुकारतो ना, म्हणाली. "दिसातनं दोनदा कोनतरी मोठ्यांदा त्येंचं नाव घेतंय. मी कशी घेऊ? ते व्हते तवाबी कदी घेतलं न्हाय."
सांत्वनाची डझनभर सुभाषितं येतात. एकही न काढता फॉर्म तिच्या किटलीशेजारी ठेवून निघालो. हेही आयुष्यात पहिल्यांदाच.

१२ फेब्रु.
अकरा घरांतलं कुणी आक्काला फॉर्मवरून चकार शब्द बोललेलं नाही. शेजारीण रखमाला मी शहाणपणानं सुचवलं, तुम्ही समजवा. भडकलीच.
"आमी सांगायचं व्हय तिला? चालू की आनी एक पावसाळा पान्यातनं! तुमी फोटू काडा, जावा."
नातवंडं हिचीच ओढा ओलांडून शाळेला जातात.
ओढ्यात काम मात्र चालू. अनुदानाचा पत्ता नाही आणि दगड रचतायत. हे तीनशे शब्दांत कसं...

१४ फेब्रु. मंगळ.
सकाळी रांगेत आक्का. कंबरेच्या पिशवीतून चारपदरी घडीचा फॉर्म काढला. सही केलेली. "घे बाबा. पोरं बुडाय नकोत."
महादूनं तो टेबलाच्या काचेखाली सरकवला. मग तिची किटली मापात ओतली. अख्खी रांग मान वळवून बघायला लागली.
"एकशेबारा! गणपतराव!"
एवढ्या मोठ्यानं, की बाहेरची कुत्री उठली.
आक्कानं पदर सारखा केला, चिठ्ठी घेतली, ओढ्याकडं गेली. रखमा तिच्या मागोमाग.
काचेतून पाहिलं. फॉर्मवर तारखेची जागा कोरी.
"महादू, तारीख?"
"घालू की. शुक्रवारी."
समिती शुक्रवारी सकाळी बसते. मध्ये पाच वेळा दूध मोजलं जाईल, पाच वेळा तेच नाव. बातमी अजून लिहिलेली नाही.