पायडलच्या तीन गिटारी

मी, रत्नपाल नागनाथ मेत्रे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा वाजवणे, राहणार चिटगुप्पा, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, कान तर त्याहून ठिकाणावर आहेत. कुणी दम दिलेला नाही, कुणी पाजलेलं नाही. छातीत स्टेंट बसवल्यापासून जीव एका जागी ठरत नाही, म्हणून हे काम उरकून टाकतो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी म्हणालं, तर ते खोटं समजावं.

कलम १. राहतं घर आणि परसातली मोकळी जागा पत्नी भागाबाई हिला पूर्ण मालकीहक्कानं द्यावी. बँकेतली शिल्लक तिची आणि मुलगा प्रबोध याची, निम्मी निम्मी. तिनं घर विकून मुलाकडं हैदराबादला जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. ती ऐकणार नाही. चाळीस वर्षांत कधी ऐकलं, तर आता ऐकेल!

कलम २. मोठा स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर आमच्या गल्लीच्या जयंती मंडळाला. त्यावर भाषणं, गाणी, काय हवं ते लावा. छाती धडधडवणारं ते डीजेचं तेवढं लावू नका.

कलम ३. आमच्या ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला राम यास माझी लोखंडी खुर्ची द्यावी. हुमनाबादच्या लग्नात भर स्टेजवर तो मला म्हणाला, "काका, तुमी नुसतं बसा. तुमच्या गिटारीचा आवाज माज्याकडं बटनात हाय." आता त्यानं नुसतं बसावं.

इथं उठलो होतो. अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. पुढचं कलम लिहायचं म्हटलं की पाय आपोआप दाराकडं जातात. भागाबाई म्हणाली, "कामून येरझाऱ्या घालायलाव? एकदाचं लिहून मोकळं व्हा की." लिहितो बाई, लिहितो.

कलम ४. माझ्या घरात पायडलच्या तीन गिटारी आहेत. ज्यांनी असली गिटार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ती टेबलासारखी चार पायांवर उभी असते. डाव्या हातानं लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या बोटांत नख्या घालून छेडायचं, आणि पायानं पायडल दाबलं की तार ताणली जाऊन सूर वर चढतो. तरुणपणी हैदराबादच्या एका हॉटेलात आम्ही चौघा मित्रांनी ती पहिल्यांदा ऐकली आणि पार येडे झालो. विकत घ्यायची ऐपत कुणाची होती? आमच्यातला जगदेवप्पा वेल्डर. त्यानं वाकून वाकून तिच्या पोटातलं सगळं बघून घेतलं, आणि सायकलच्या ब्रेकच्या वायरी वापरून चौघांना चार करून दिल्या.

पुढं आम्ही चौघांनी ठराव केला. जो जाईल त्याची गिटार उरलेल्या वाजवणाऱ्यांकडं जायची, घरच्यांच्या माळ्यावर धूळ खात पडायची नाही. जगदेवप्पा गेला, त्याची माझ्याकडं आली. धम्मानंद गेला, त्याचीही माझ्याकडं आली. आता मी आणि मादन हिप्परग्याचा सिद्धप्पा उरलोय. मी गेलो की तिन्ही त्याच्या घरी जाणार, आणि तो गेला की? सिद्धप्पा बहात्तरचा आहे. चहाची बशी धरली तरी त्याचा हात लटलट कापतो. चार म्हाताऱ्यांनी गिटारी आपसात फिरवल्या, आणि ज्याला वाजवता येत नाही त्याला हात लावू दिला नाही. मग नवीन माणसाला वाजवता येणार कसं, याचा विचार आम्हा शहाण्यांच्या डोक्यातच आला नाही!

प्रबोध म्हणतो, हैदराबादला माझ्या घरच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवू. नाही. स्पष्ट नाही.

धम्मानंदची मुलगी पंचशीला इथं दवाखान्यात नर्स आहे. बाप गेल्यावर तिनं गिटार मागितली होती, तेव्हा ठराव आडवा आला. यंदा दिवाळीनंतर ती पुन्हा दारात उभी राहिली. "काका, मोबाइलवर परदेशातली माणसं वाजवताना बघते. तिकडं कवळ्या वयाची पोरं बी वाजवायलीत, आन तुमी मला अजून दार लावून घेताव व्हय?" मी चिडून म्हणालो, बस, वाजव, मग कळेल. ती बसली. कुणी न सांगता नख्या बरोबर बोटांत घातल्या. म्हटलं, बापाला बघितलेलं असेल. कांडी सरकवली, पायडल दाबलं, आणि सूर चुकला. मी बोलायच्या आधी तिनंच तोंड वाकडं केलं. चुकलेलं तिला ऐकू आलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी चहा सांगायला आत गेलो.

तरी तिन्ही गिटारी कांड्या-नख्यांसकट पंचशीला धम्मानंद डोंगरे हिला द्याव्यात. तिनं त्या स्वतः वाजवाव्यात, आणि जो कोणी शिकायला येईल, त्याला हात लावू द्यावा. वाजवता येतं का, हे विचारू नये.

कलम ५. ठराव मोडतोय हे मला कळतं. सिद्धप्पा माझं तोंड बघणार नाही, या विचारानं आठ दिवस मी कलम चार लिहायचं टाळत होतो. वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं असेल त्यानं साक्षीदार होऊ नये. म्हणून मी त्यालाच साक्षीला बोलावलं आहे. त्यानं सगळं वाचावं आणि मगच सही करावी. सही केली तर हक्क सोडला असं धरावं. केली नाही, तर कलम चार फाडून टाकायला मी इथं समोरच बसलोय.

वरील मजकूर मी वाचून, समजून लिहिला आहे. माझ्यामागे यावरून कुणी भांडू नये.

ठिकाण : चिटगुप्पा
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

सही : रत्नपाल नागनाथ मेत्रे

साक्षीदार :

१) सही : मंजुश्री अंकुशराव पाटील, शिक्षिका, चिटगुप्पा. लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली.

२) सही : सिद्धप्पा बिराजदार, मादन हिप्परगा. समदं वाचलं. हात कापतोय, अक्षर गोड मानून घ्या. रत्नपाल, माझी गिटार मी भाद्रपदातच पंचशीलाला देऊन आलोय. तू माझं तोंड बघणार न्हाईस म्हणून बोललो न्हाई.